गवाणकर बाईंचं पेटीचं पुस्तक

सानपाड्यात कुणालाही विचारा, गवाणकर बाई कोण? समोरचा आधी हसेल आणि मग नकळत सरळ उभा राहील. चौतीस वर्षं एकच शाळा आणि एकच वर्ग, पहिलीचा. किती पोरांची नाकं पुसली, किती जणांचा उलटा काढलेला 'र' सुलटा केला, त्याला मोजदाद नाही. त्यातलं कुणी आज एपीएमसीत गाळा सांभाळतं, कुणी बँकेत आहे, एक तर चक्क पोलीस झालाय. बाई रस्त्यात दिसल्या की गाडी थांबवून विचारतात, "बाई, सोडू का?" बाई म्हणतात, "सोड, पण आधी ते हेल्मेट डोक्यात घाल, हातात कशाला अडकवलंयस?" जयमाला हे त्यांचं नाव फक्त पगारपत्रकावर आणि नवऱ्याच्या तोंडी. हे सगळं आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकलं की लोक पटकन म्हणतात, बाई खोटारड्या निघाल्या. अहो, खोटं बोलायची सवय असती तर इतक्या सहज पकडल्या गेल्या असत्या का?

बाईंची खरी ओळख म्हणजे पेटीचं पुस्तक. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. फळबाजार नुकताच वाशीत रुळला होता आणि वर्गातल्या एका मुलाचे वडील तिथे हमाल होते. त्यांनी आंब्याची एक रिकामी लाकडी पेटी वर्गाला आणून दिली, म्हणाले, खडू-डस्टर ठेवायला होईल. बाईंनी ती वर्गाच्या मधोमध ठेवली, पोरांना चारी बाजूंनी बसवलं आणि सांगितलं, "तुमच्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढंच काढायचं. शेजारच्याच्या पाटीत डोकवायचं नाही." कुणी नुसत्या फळ्या काढल्या, कुणी फळीवर छापलेला आंबा, कुणी फटीतून बाहेर आलेला पेंढा. मग काय, भांडणं! माझीच पेटी खरी, तुझी खोटी. एकाने दुसऱ्याला चिमटा काढला. बाईंनी टाळी वाजवली, "जागा बदला!" पोरं उठली, समोरच्या बाजूला जाऊन बसली आणि एकदम गप्प झाली. पहिलीच्या वर्गात अशी शांतता म्हणजे देवाची कृपा. बाईंनी त्या महिन्यातच पुस्तक करायला घेतलं.

बारा पानं, जाड पुठ्ठ्याची, गोधडीच्या दोऱ्याने शिवलेली. चित्रं बाईंची स्वतःची. शाळेत असताना त्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, हात चांगला होता. मुंगीला पेटी म्हणजे गावच्या गाव, पेंढ्याचं रान आणि फळ्यांच्या भिंती. कावळ्याला वरून दिसतं एक चौकोनी झाकण. आत बसलेल्या आंब्याला सगळं जग म्हणजे उजेडाची एक रेघ. आणि सातव्या पानावर हमाल. त्या पानावर पेटी नव्हतीच. होते नुसते पाय. चपला, बूट, एक अनवाणी पाऊल, कुत्र्याचं शेपूट, चिखलात तुडवलेली केळीची साल. खाली एकच ओळ होती, 'पेटी माझ्या डोक्यावर आहे.' हे त्यांना त्या मुलाच्या वडिलांनीच सांगितलं होतं. दरवर्षी शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात बाई ते पुस्तक वाचत आणि शेवटी म्हणत, "दुसऱ्याच्या जागेवर बसल्याशिवाय बोलायचं नाही." पोरांना ते पाठ होतं. बाईंनाही पाठ होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

आता शाळेचं. एके काळी पहिलीच्या तीन तुकड्या होत्या. मग दोन झाल्या, मग एक, आणि मागच्या वर्षी पहिलीला तेरा पोरं. मराठी शाळा, दुसरं काय होणार? आजूबाजूला काचेच्या इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या, त्यांच्या पिवळ्या बसगाड्या आपल्या शाळेच्या फाटकासमोरूनच वळायला लागल्या. एप्रिलमध्ये संस्थेचं पत्र आलं. दहा जूनपर्यंत पहिलीला दहा मुलं, आधार क्रमांकासकट सरकारी पोर्टलवर नोंदलेली असतील तर वर्ग उघडू, नाहीतर यंदापासून पहिली बंद. पहिली बंद म्हणजे पुढच्या वर्षी दुसरी बंद, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी. बाईंची निवृत्ती एका वर्षावर आलेली. शेजारच्या वर्गाच्या शिक्षिका म्हणाल्या, "तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? तुमचं तर झालंच." बाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन आणि पिशवीत पेटीचं पुस्तक टाकून बाई दारोदार फिरल्या. सानपाडा गाव, जुईनगर, तुर्भे. दारात बसून पुस्तक उघडायचं, लेकराला दाखवायचं, लेकरू हरखायचं आणि आई म्हणायची, "छान आहे हो बाई, पण ह्याचे पप्पा ऐकत नाहीत." एका ठिकाणी बाईंचाच जुना विद्यार्थी दारात आला. मितेश. पाया पडला, सरबत दिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे मी शिकलो. पण पोराला मराठीत घातलं तर बायको घर सोडून जाईल." बाई हसल्या. जिना उतरून त्या पुढच्या दाराशी गेल्या. महिनाभरात आठ नावं मिळाली. आणखी दोन हवी होती.

नववं नाव तुर्भ्याला मिळालं. नामदेव शेवाळे, मूळचा साताऱ्याकडचा, फळबाजारात बदली हमाल. टोळीत त्याचं स्वतःचं नाव नव्हतं, कुणी गैरहजर असलं तरच त्याला काम. बायको मीना चार घरची धुणीभांडी करायची. मुलगी मनस्वी, सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, डोळे असे की समोरच्याने खोटं बोलू नये. बाई दहा बाय दहाच्या त्या खोलीत शनिवारी दुपारी पोचल्या तेव्हा मीनाने पहिल्या वाक्यातच विषयाचं दार लावलं.

"आमचा आरटीईत नंबर लागलाय बाई. सोडतीत. हायवेच्या अलीकडं ती मोठी शाळा नाय का, तिथं. आठवीपर्यंत फुकट. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कागद दाखवून नाव पक्कं करायचंय. आमच्या चाळीत वीस जणांनी फॉर्म भरलावता, आमच्या पोरीचा एकटीचा लागला."

दुसरं कुणी असतं तर "अभिनंदन" म्हणून उठलं असतं. बाईसुद्धा उठणारच होत्या. पण मनस्वीने तोवर पिशवीतून डोकावणारं पुस्तक ओढलं होतं. पानं उलटत ती सातव्यावर आली आणि थांबली. "पप्पा, बघा, हे तुमी." नामदेव खाटेवर आडवा होता, उठून बसला. त्याने ते पान बराच वेळ बघितलं.

"हे कुनी काढलं?"

"मीच काढलंय."

"आसंच दिसतंय बघा. वज्झं डोक्यावर आसलं की मान्सं दिसतच न्हाईत. पायच दिसत्यात. वीस वर्सं झाली, मला मालकाचं त्वांड नीट ठावं न्हाई, पन बूट ठावं हाय." त्याने मान वर केली. "बाई, तुमाला कसं कळलं वो?"

तिथून बाई बोलायला लागल्या. आणि त्या जे बोलल्या त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, ही तर खरी पंचाईत. पोरगी घरात जे बोलते त्यातच पहिल्यांदा शिकली पाहिजे. त्या शाळेत ती मुकी बसेल, घरी अभ्यास कोण घेणार, फुकट आलेल्या पोरांना मागच्या बाकावर बसवतात. माझ्या वर्गात ती पहिल्या दिवसापासून बोलेल. चौतीस वर्षांचा अनुभव होता, वाणी होती, आणि हातात ते पुस्तक होतं. नामदेव ऐकत होता. मीना ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

"किती वर्सांची हाय म्हनं तुमची साळा? बाजारात बोलत्यात बंद पडनार," नामदेव म्हणाला.

"कशी बंद पडेल? आणि मनस्वी एकटी नाही काही. माझा ऋषी एवढाच आहे, माझा नातू."

"मंग तो तुमच्याच साळंत आसंल की?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगीच नाही. "हो तर," बाई म्हणाल्या. "यंदा पहिलीला. माझ्याच वर्गात."

नामदेवने बायकोकडे बघितलं. "बाई सवताचा नातू घालत्यात म्हंजी साळा चालनार. बंद पडनाऱ्या साळंत कोन नातवाला अडकवील?" मीनाने चहाचं आधण ठेवलं, आणि त्या घरात त्याचा अर्थ हो असा होता. मनस्वीच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन बाई खाली उतरल्या तेव्हा त्यांना स्वतःचाच हेवा वाटला. खोटं बोललो असं त्यांना वाटलंच नव्हतं. उद्या रविवार, खारघरला जायचं, निशांतला सांगायचं. पोटचा पोरगा आहे, आईचा शब्द खाली पडू देईल का?

निशांतचं घर तेराव्या मजल्यावर. खिडकीतून डोंगर दिसतो, मेट्रो दिसते. ऋषी आजीला बघून धावत आला आणि आजीने आधी पुस्तकच उघडलं. पोराने मुंगीचं पान बघितलं, कावळ्याचं बघितलं, खिदळला. खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "आज्जी, व्हॉट इज रिटन हिअर?" सून क्षिप्रा चहा घेऊन आली. नंदकुमार, म्हणजे बाईंचे यजमान, कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर उघडून बसले होते. काय होणार ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते पेपर उलटत नव्हते.

बाईंनी मांडलं. सगळं मांडलं, दहा आकडा, दहा तारीख, मनस्वी. निशांतने मध्ये तोडलं नाही. मग त्याने पुस्तक हातात घेतलं.

"आई, तू हे केलंस तेव्हा मी केवढा होतो?"

"असशील सात-आठ वर्षांचा."

"जेवणाच्या टेबलावर ही पानं पसरलेली असायची. मी या मुंगीला हात लावला होता. तू म्हणालीस, ठेव ते, शाळेतल्या मुलांचं आहे. तू आपली स्पेलिंगं पाठ कर."

बाईंना आठवत नव्हतं. पण टेबल आठवत होतं, आणि स्पेलिंगची वहीही आठवत होती. मुलाला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. स्टाफरूममधल्या सगळ्यांचीच मुलं इंग्रजीत होती, हे त्यांनी तेव्हाही स्वतःला सांगितलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मुलगा शाळेतून मराठीत बोलल्याबद्दल शिक्षा खाऊन यायचा, आणि घरी आल्यावर आई म्हणायची, बोल की मग इंग्लिशमध्ये, सवय होईल.

"मी ओरडत नाहीये," निशांत म्हणाला, आणि खरंच ओरडत नव्हता. "बरंच केलंस. त्याच्याच जिवावर हे घर आहे. पण मग माझा मुलगा आता कशाला मागतेस?"

"एकच कमी पडतंय रे. एक मूल."

"म्हणजे तुला ऋषी नकोय, आई. तुला दहावा आकडा हवाय."

क्षिप्रा हळूच म्हणाली, "आई, तो नर्सरीपासून तिथे आहे. त्याचे मित्र आहेत. आणि पुढच्या वर्षी तुम्हीही नसाल तिथे, मग?" बाईंनी तिच्याकडे बघितलं. सून शत्रू असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

परतताना रिक्षात नंदकुमार म्हणाले, "जयू, त्या माणसाला जाऊन सांग. आजच सांग. तो बिचारा हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाय, आणि ते तुझ्या शब्दावर."

"उद्या सांगते."

सोमवारी शाळेत जुने दाखले लिहायचे होते. खरंच होते, कुणीही बघावं. मंगळवारी संध्याकाळी बाई तुर्भ्याला गेल्या. चाळीच्या तोंडाशी पोचल्या आणि त्यांना मनस्वी दिसली. गल्लीत बादली उपडी घालून तिने भोवती पाच-सहा पोरं बसवली होती आणि टाळ्या वाजवून ओरडत होती, "जागा बदला! जागा बदला!" एक बारकी पोरगी उठत नव्हती, तिला ती बखोटीला धरून उठवत होती. अगदी बाईंसारखी कंबरेवर हात ठेवून. या पोरीला आत जाऊन काय सांगायचं, की तुझ्या बाईंनी थाप मारली? त्या तिथूनच मागे फिरल्या. निशांत अजून ऐकेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आईच्या मनाला काय, काहीही पटवता येतं.

बुधवारी त्यांनी निशांतला फोन केला, तो मीटिंगमध्ये होता. मेसेज पाठवला. त्याने वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. गुरुवारी सकाळी नंदकुमारांनी विचारलं, "सांगितलंस का त्याला?" आणि बाई म्हणाल्या, "हो." छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याशी इतकं सरळ खोटं त्या पहिल्यांदाच बोलल्या. नंदकुमारांनी नुसती मान हलवली.

शुक्रवारी बाई स्टाफरूममध्ये एकट्याच बसल्या होत्या. फोन समोर ठेवलेला. नामदेवचा नंबर त्यांच्याकडे होता. साडेतीन झाले. अजून वेळ आहे. नामदेवला फोन केला तर मीना कामावरून निघून कागद घेऊन धावत पोचली असती, त्या शाळेपासून तिचं कामाचं घर आणि चाळ, दोन्ही जवळच. चार वाजले. फोन केला तर मनस्वीची जागा वाचेल आणि माझा वर्ग जाईल, हे बाईंना अगदी स्वच्छ दिसत होतं. सव्वाचार. कुणी म्हणेल त्या गोंधळल्या होत्या. अजिबात नाही. त्या मोजत होत्या. एका पारड्यात एक पोरगी आणि दुसऱ्यात शाळा, चौतीस वर्षं, स्वतःचं नाव. पाच वाजून गेले आणि बाईंना हलकं वाटलं. हलकं वाटलं म्हणून स्वतःची शिसारी आली. मग त्यांनी चहा करून घेतला.

ऋषीच्या आधार कार्डाची झेरॉक्स बाईंकडे होती, पोस्टात त्याच्या नावाने खातं काढलं होतं त्यासाठीची. सोमवारी त्यांनी ती शाळेचे क्लार्क कमळाकर भोईर यांच्यापुढे ठेवली. कमळाकर सानपाडा गावचे, साधा माणूस, बाईंच्याच पहिल्या बॅचमधला. मूल नुसतं कागदावर चढवायचं, पट फुगवायचा, हे शाळांना नवीन नाही. जुन्या काळी पटावरची निम्मी पोरं तपासणीच्या दिवशीच दिसायची. बाईंनी उभ्या जन्मात तसं केलं नव्हतं, इतरांनी केलं तर नावं ठेवली होती. आणि म्हणूनच त्यांना ठाऊक नव्हतं की आता तसं होत नाही.

कमळाकरांनी पोर्टलवर नंबर घातला, चष्मा वर केला, पुन्हा घातला.

"बाई, ह्या नाव घेत नाय. पोरगा आदीच दुसऱ्या शाळंत हाय म्हनून दाखवतंय."

"पुन्हा बघा."

"तीनदा बघला, बाई." त्यांनी आवाज खाली आणला. "ऋषी निशांत गवाणकर. तुमचा नातू ना हा?"

बाईंनी झेरॉक्स उचलली आणि घडी करून पर्समध्ये टाकली. कमळाकरांनी दुसरीकडे बघितलं. माणूस चांगला होता, पण चांगल्या माणसाने दुसरीकडे बघितलं की जास्त लागतं. दहा तारीख उलटली. नऊ नावं. संस्थेने दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि वर्ग बंद झाला. आठ घरी बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, महापालिकेच्या मराठी शाळेत नाव घाला म्हणून, तिथल्या बाईंशी बोलूनही ठेवलं. नववा फोन त्यांनी केला नाही. उद्या, उद्या करत शाळा उघडायचा दिवस उजाडला.

त्या दिवशी सकाळी नामदेव मनस्वीला घेऊन आला. नवा गणवेश, दोन वेण्या, लाल रिबिनी. तो बाजारातून तसाच आला असावा, अंगावर घामाने भिजलेली बंडी होती आणि केसांत पेंढ्याची काडी. पहिलीच्या वर्गाला कुलूप. त्याने ऑफिसात विचारलं आणि कमळाकरांनी जे होतं ते सांगितलं. त्यांना कुठे माहीत होतं की ह्या माणसाला काय सांगायचं नाही? बाईंच्या नातवाचं नाव पोर्टलने घेतलं नाही, पोरगा आदीच दुसऱ्या शाळंत, एक मूल कमी पडलं, पैली बंद.

बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. पळून जावं असं वाटत होतं, पण चौतीस वर्षांच्या शाळेतून पळून जायचं कुठे?

"शुकरवारी ठावं हुतं तुमाला?" नामदेवने विचारलं.

बाईंनी पदर सारखा केला.

"न्हाई, घरी मीना म्हनंल त्यांना ठावं नसंल. म्हनून इचारून जातो. ठावं हुतं का?"

"हो."

त्याने ओरडायला हवं होतं. बाईंनी त्याची तयारीही केली होती. तो नुसता मान हलवत राहिला, जरा जास्तच वेळ. "तुमी नातवाचं नाव नुसतं लिवून बघितलं," तो म्हणाला. "न्हाई घेतलं, तर तो आपल्या साळंत गेला. त्याचं काय गेलं न्हाई. मी माज्या पोरीचं खरंच काढलं." एवढं बोलून त्याने मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तिला घेऊन गेला. मनस्वी मागे वळून वर्गाच्या कुलपाकडे बघत होती.

मग बाईंनी धावाधाव केली, आता करून काय! आरटीईच्या ऑफिसात गेल्या, त्या मोठ्या शाळेच्या फाटकावर दोन तास उभ्या राहिल्या. जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला गेली होती, आणि एकदा सोडली की पुन्हा अर्ज करता येत नाही, असं एका मुलीने काचेपलीकडून सांगितलं. निशांतला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, तिची फी मी भरतो." बाईंनी ते मीनाला फोनवर सांगितलं. मीना म्हणाली, "नको बाई," आणि फोन ठेवला. महापालिकेची शाळा होती, नाही असं नाही, पण हायवे ओलांडून. नामदेव पहाटेपासून बाजारात, मीना सातला घराबाहेर. सहा वर्षांच्या पोरीला तो रस्ता कोण ओलांडून देणार? त्यांनी ठरवलं, मनस्वीला गावी पाठवायचं, नामदेवच्या आईकडे. तिथली शाळा दाराशी आहे.

हे बाईंना कमळाकरांकडून कळलं, आणि रविवारी सकाळी त्या तुर्भ्याला गेल्या. नंदकुमार म्हणाले, मी येतो. बाई म्हणाल्या, नको. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं. माझं चुकलं, हे आधी. बाकीचं मग.

खोलीचं दार उघडंच होतं. नामदेव नव्हता, त्या दिवशी त्याला काम मिळालं होतं आणि मिळालेलं काम सोडता येत नाही. मीना खाली बसून बॅग भरत होती. फ्रॉक, स्वेटर, तेलाची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. नवा गणवेश तिने घडी करून तळाशी ठेवला होता. गावच्या शाळेचा रंग वेगळा, पण आतून घालायला होईल, असं ती स्वतःशीच म्हणाली. साडेअकराची गाडी होती.

"मीना, माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"बसा," मीना म्हणाली. "चहा टाकते."

"नको. मी तुम्हाला शुक्रवारी फोन करायला हवा होता. मी मुद्दाम केला नाही."

मीनाचे हात थांबले. ती 'मुद्दाम' हा शब्द ऐकत बसली. मग तिने स्वेटरची बाही आत दुमडली.

"मी चहा ठेवला त्या दिवशी," ती म्हणाली. "मला पटलं नव्हतं. पन बाई बोलत्यात, शिकलेल्या हायत, आपल्याला काय कळतंय. आपन कोन बाईंच्या वर?" ती कुणालाच बोल लावत नव्हती. एवढंच तिला सांगायचं होतं.

बाईंना वाटलं, हिने चार शिव्या घालाव्यात, हाताला धरून बाहेर काढावं. त्यांना तिथेच मरून जावंसं वाटलं. मनस्वी मोरीतून तोंड धुऊन आली. बाईंना बघून हसली, समोरचा एक दात अर्धा आला होता.

"मनू, इकडं ये," मीना म्हणाली. "बाईंच्या पाया पड. परत कधी भेटतील."

बाईंनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण मागे भिंत होती. पोरगी वाकली. दोन्ही पावलांना हात लावून तिने ते हात कपाळाला लावले आणि खालूनच वर बघत राहिली, कारण मोठी माणसं डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणतात, तोवर उठायचं नसतं. चौतीस वर्षं बाई अशा वेळी एकच वाक्य म्हणत आल्या होत्या. खूप शीक, मोठी हो. त्यांनी मनस्वीच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि त्यांना ते म्हणता आलं नाही. मीना जरा वेळ थांबली. मग तिने मुलीला उठवलं आणि बॅगेची चेन लावली.